बिलातले साठ हजार आणि दहा बाय दहाची खोली

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज दोन टप्पे कमी करा, कारण आजचा विषय कानांचा आहे. कानांचा आणि खिशाचा.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही. पुण्यात पहिली नोकरी, दीड वर्ष झालंय. फ्लॅट दोघांत मिळून भाड्याने, त्याच्या वाट्याची खोली दहा बाय दहाची. गाण्याचं वेड आहे. पैसे साठवून त्याने ३० हजारांचे बुकशेल्फ स्पीकर आणि २५ हजारांचा ॲम्प्लिफायर ठरवला. इथपर्यंत मस्त. पण दुकानात त्याला सांगितलं गेलं, की एवढ्यावर थांबलात तर स्पीकरला न्याय मिळणार नाही. आणि मग कागदावर पुढची यादी आली: वेगळा डॅक २८ हजार, स्पीकर केबल १२ हजार, पॉवर केबल ८ हजार, ॲम्प्लिफायरखाली ठेवायचे कंपनशोषक पाय ८ हजार, आणि स्ट्रीमिंगसाठी खास लॅन केबल ४ हजार. बेरीज करा. ६० हजार. बारा महिन्यांचा ईएमआय, महिना पाच हजार.

तो म्हणतो, "दादा, घरी दर महिन्याला पैसे पाठवतो, ते वर्षभर पाच हजारांनी कमी करावे लागतील. घरचे काही म्हणणार नाहीत. पण हे सगळं घेतलं नाही तर स्पीकरचे पैसे वाया जातील का?"

हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच. त्या यादीतली एकेक ओळ घेऊ आणि बघू, की त्या ओळीमुळे कानापर्यंत नक्की काय पोहोचतं.

आधी अडथळा कुठे आहे ते शोधा

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे. वेबसाइट हळू चालतेय, पान उघडायला तीन सेकंद लागतायत. नवशिका माणूस लगेच कोड सुधारायला बसतो. अनुभवी माणूस आधी मोजतो. मोजल्यावर कळतं की तीनपैकी २.९ सेकंद डेटाबेसच्या एका क्वेरीत जातायत. मग उरलेला ०.१ सेकंद अर्धा केला तरी कुणाला कळणार आहे?

आवाजाच्या साखळीचंही तसंच आहे. फाइल, मग डॅक, म्हणजे आकड्यांचं विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, मग ॲम्प्लिफायर, वायर, स्पीकर, खोली आणि शेवटी तुमचे कान. आता प्रत्येक टप्पा मूळ आवाजात किती फेरफार करतो ते बघा. कुठल्याही बऱ्या डॅकचा किंवा ॲम्प्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंतची समानता, डेसिबलच्या एका अंशाच्या आत असते. चांगला स्पीकर घ्या, तिथे अधिक-उणे ३ डेसिबलचा फरक चांगला समजतात. आणि तोच स्पीकर साध्या खोलीत ठेवला, की खालच्या पट्टीत १० डेसिबलचे किंवा त्याहूनही मोठे चढउतार सहज होतात.

म्हणजे ०.१, मग ३, मग १०. तीनपैकी २.९ सेकंद कुठे जातायत ते दिसलं ना? आणि दुकानातली यादी बघा, ती सगळी ०.१ च्या बाजूची आहे.

लॅन केबल, ४ हजार

ही ओळ माझ्या धंद्यातली, म्हणून आधी हीच घेतो. नेटवर्कवरून गाणं पाण्यासारखं वाहत येत नाही, पाकिटांत येतं. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमला एक तपासणीचा आकडा जोडलेला असतो. वाटेत एक बिट जरी बदलला तरी हिशेब जुळत नाही आणि ती फ्रेम टाकून दिली जाते. मग टीसीपी ते पाकीट पुन्हा मागवतो. आलेला डेटा आधी बफरमध्ये साठतो आणि तिथून डॅकच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतो. केबलवर कोणत्या क्षणी काय आलं याचा तोपर्यंत काही संबंधच उरलेला नसतो.

बिट "थोडा उबदार" किंवा "थोडा कोरडा" येत नसतो. तो येतो किंवा येत नाही. आला नाही तर गाणं अडखळतं, थांबतं, आणि ते कुणालाही ऐकू येतं. विचार करा, साध्या वायरीमुळे डेटाचा पोत बदलत असता, तर तुम्ही यूपीआयवर पाठवलेले ५०० रुपये समोरच्याला ४९९ मिळाले असते. काही शे रुपयांची कॅट ६ केबल घ्या आणि विसरून जा.

पॉवर केबल, ८ हजार

तुमच्या खोलीत वीज कुठून येते? सबस्टेशनपासून किलोमीटरच्या किलोमीटर तारा, मग गल्लीतला डीपी, मग मीटर, मग भिंतीतली बिल्डरने टाकलेली वायर. आणि हे सगळं झाल्यावर शेवटचा दीड मीटर सोन्याचा केला तर वीज शुद्ध होणार? शिवाय ॲम्प्लिफायर ती वीज जशीच्या तशी वापरत नाही. २३० व्होल्टची एसी आत गेल्यावर तिचा व्होल्टेज उतरवला जातो, तिची डीसी केली जाते, मोठे कपॅसिटर ती सपाट करतात. हे काम करायलाच आत पॉवर सप्लाय असतो.

जपानमध्ये काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःसाठी विजेचा वेगळा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याची बातमी २०१६ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रात आली होती. खर्च साधारण दहा हजार डॉलर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे मोल होतं आणि ते चांगलंच भारी होतं.

विजेचा खरा त्रास मात्र असतो, तो नाकारायचा नाही. स्पीकरमधून सतत हम्म् असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा ती अर्थिंगची भानगड असते. त्याला इलेक्ट्रिशियन लागतो, आठ हजारांची केबल नाही.

स्पीकर केबल, १२ हजार

इथे थोडं गणित करू, घाबरू नका. ॲम्प्लिफायर ते स्पीकर अंतर ३ मीटर धरा. जायची आणि यायची मिळून तार झाली ६ मीटर. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर, म्हणजे घरात गिझर, एसीच्या पॉइंटला वापरतात त्या मापाची, एका मीटरला साधारण ०.००७ ओहम अडथळा करते. सहा मीटरचे झाले ०.०४ ओहम. समोर स्पीकर आहे ८ ओहमचा. या वायरीमुळे आवाजात जी घट होते ती आहे ०.०५ डेसिबलच्या आसपास. गाणं ऐकताना आपल्याला साधारण एक डेसिबलचा फरक जाणवायला लागतो, अगदी काळजीपूर्वक ऐकलं तर त्याहून थोडा कमी. ०.०५ म्हणजे त्याचा विसावा भाग.

मग वायरीने कधीच फरक पडत नाही का? पडतो. केसासारखी बारीक वायर पंधरा मीटर ओढली तर नक्की पडतो. पण त्यावर उपाय जाड वायर, महाग वायर नव्हे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि कुठल्याही गावातलं इलेक्ट्रिकचं दुकान. २.५ ची दोन पदरी तांब्याची वायर मागा, दोन स्पीकरचं काम हजाराच्या आत होतं. फक्त जोडताना लाल-काळं नीट बघा. एका स्पीकरचं उलटं जोडलं तर बेस गायब होतो, आणि हा फरक तुमच्या आजीलाही ऐकू येईल.

२००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने एक जाहीर आव्हान दिलं होतं. पिअर नावाच्या कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबल आणि साध्या चांगल्या केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. बोलणी झाली, चर्चा झाली, शेवटी केबल कंपनीने माघार घेतली आणि चाचणी झालीच नाही.

कंपनशोषक पाय, ८ हजार

हे एका वाक्यात संपवतो. रेकॉर्ड प्लेअर असेल तर कंपनं रोखायला अर्थ आहे, कारण तिथे सुई खरोखर खाचेत थरथरत असते, पण ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये थरथरून बिघडेल असं हलणारं काही नसतं. स्पीकरखाली काही ठेवायचंय? जाड रबराचे किंवा फोमचे तुकडे ठेवा, टेबल घुमायचं थांबेल.

डॅक, २८ हजार

ही यादीतली सगळ्यात मोठी ओळ. डॅक हवाच, त्याशिवाय आवाज निघणार नाही. पण तो तुमच्याकडे आहे. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल किंवा यूएसबी इनपुट असेल तर त्याच्या आतच आहे. नसेल तर ॲपलचा तो छोटासा यूएसबी-सी ते हेडफोन जॅक ॲडॉप्टर, अमेरिकेत नऊ डॉलरला मिळणारा, तोही पूर्ण डॅक आहे, आणि मोजमापांत त्याचा गोंगाट आणि विकृती इतकी कमी भरते की गाणं चालू असताना ती ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. डॅक ही तंत्रज्ञानाची सुटलेली समस्या आहे. कॅल्क्युलेटरसारखी. महागड्या कॅल्क्युलेटरवर दोन अधिक दोनचं उत्तर जास्त गोड येत नाही.

अपवाद सांगतो. तुमच्या जॅकमधून खरखर येत असेल, किंवा तुमच्याकडे सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे हेडफोन असतील आणि फोनवर आवाज पुरत नसेल, तर वेगळा डॅक-ॲम्प घ्यायला कारण आहे. कारण दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं. तेव्हा जरूर घ्या.

पण मला फरक ऐकू येतो, त्याचं काय?

आता तुमच्यापैकी काहीजण म्हणत असतील, "सगळं गणित ठीक आहे, पण मी स्वतः दुकानात ऐकलंय. महागड्या केबलने आवाज उघडला."

माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हाला फरक ऐकू आला हे शंभर टक्के खरं. प्रश्न एवढाच, की तो फरक वायरीतून आला की डोळ्यांतून.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. त्याच लोकांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना जास्त गुण मिळाले. पडदा आल्यावर ते अंतर आक्रसलं. आणि हा परिणाम नवख्यांवर झाला तसा अनुभवी ऐकणाऱ्यांवरही झाला. आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन नाही तरी कानसेन व्हावं. पण कानसेनालाही डोळे असतातच.

दुसरी गंमत आवाजाच्या पातळीची. दोन गोष्टींत एक अर्धा डेसिबलने जरी मोठी वाजली, तरी ती "मोठी" वाटत नाही, ती "चांगली" वाटते. जास्त खुली, जास्त जिवंत. म्हणून पातळी तंतोतंत जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. दुकानात ती कुणी जुळवतं का? विचारून बघा.

आणि सगळ्यात मोठा किस्सा २०२२ चा. मोबाइल फिडेलिटी, म्हणजे मोफी, ही अमेरिकन कंपनी जुन्या गाजलेल्या अल्बमच्या महागड्या रेकॉर्ड काढते. काही आवृत्त्या शंभर डॉलरच्या वर. घेणाऱ्यांची श्रद्धा अशी, की मूळ टेपपासून रेकॉर्डपर्यंत सगळं शुद्ध ॲनालॉग, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही. जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने हे खोटं असल्याचं यूट्यूबवर सांगितलं, आणि मग कंपनीच्या इंजिनिअरांनीच कबूल केलं, की २०११ पासून कितीतरी रेकॉर्डच्या प्रक्रियेत डिजिटल टप्पा आहे. पुढे खटला झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली.

कंपनीने फसवलं हे तर आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. "डिजिटल लगेच कळतं, कानाला टोचतं" असं म्हणणारे जगभरातले शौकीन आणि समीक्षक दहाएक वर्षं त्याच रेकॉर्ड ऐकत होते, वाखाणत होते. आवाजातून हे गुपित फुटलं नाही. ते माणसाने सांगितल्यावर फुटलं.

याचा अर्थ ते लोक मूर्ख होते असा नाही. रेकॉर्ड चांगल्याच होत्या, म्हणून चांगल्या वाटल्या. डिजिटल टप्प्याने काही बिघडलंच नव्हतं.

हाय-रेझ आणि ब्लूटूथ

श्रोत्याने आणखी एक विचारलं होतं, की हाय-रेझचं सबस्क्रिप्शन घेऊ का. सीडी १९८२ मध्ये आली. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. हे आकडे हवेतून आले नाहीत. माणसाचे कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात, तेही लहानपणी, पुढे ही मर्यादा खाली येत जाते. त्याच्या दुप्पट वेगाने नमुने घेतले की तिथपर्यंतचा आवाज पूर्ण परत उभा करता येतो. जिन्यासारखा, पायऱ्या-पायऱ्यांचा नाही, सलग. आणि १६ बिटांत ९६ डेसिबलची आवाजाची रेंज मावते.

२००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझ रेकॉर्डिंग एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं. दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी बरेच प्रयोग एकत्र करून हिशेब केला, तर बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के. फरक शून्य नाही, पण कर्ज काढण्याइतका आहे का, ते तुम्ही ठरवा.

आणि तुमच्यातले बहुतेक जण ब्लूटूथवर ऐकतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवरचा एलडॅक कमाल ९९० पर्यंत जातो, तोही लॉसी, आणि आयफोनवर तो चालतही नाही. म्हणजे हाय-रेझची फाइल फोनपर्यंत येते आणि तिथून कानापर्यंत येताना पुन्हा आवळली जाते. आडातलं पाणी कितीही असो, पोहरा जेवढा तेवढंच वर येणार.

दु:खी होऊ नका, त्या पोहऱ्यातूनही गाणं सुंदर ऐकू येतं. फक्त तहान किती आणि आपण पैसे कशाचे देतोय, हे कळू द्या.

घरच्या घरी चाचणी

माझ्यावर विश्वास ठेवू नका. खरंच. कॉम्प्युटरवर फूबार२००० नावाचा मोफत प्लेअर आहे, त्यात एबीएक्स नावाची जोडणी मिळते. आवडत्या गाण्याची एक फ्लॅक फाइल घ्या, त्याच फाइलची ३२० केबीपीएसची एमपीथ्री बनवा. प्रोग्रॅम तुम्हाला ए ऐकवतो, बी ऐकवतो, आणि मग एक्स. एक्स यातला कोणता ते तुम्ही सांगायचं. दहा वेळा.

आता लक्ष द्या. दहापैकी सात बरोबर आले म्हणून नाचू नका. नुसत्या अंदाजाने सात किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ सहात एक आहे. नऊ आले तर गोष्ट वेगळी, ती शक्यता शंभरात एक. नऊ आले तर मला जरूर कळवा, तुमचे कान खरोखर तयार आहेत.

मग पैसे कुठे घालायचे?

जी वस्तू हवा हलवते तिच्यावर. म्हणजे स्पीकर आणि हेडफोन. इथे फरक मोठे असतात, खरे असतात, डोळे झाकूनही कळतात. पण इथेही किंमत म्हणजे दर्जा नव्हे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजले. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा संबंधच सापडला नाही. म्हणून किंमत न बघता, आधी मोजमापं बघा, मग कानाने ठरवा.

इअरबड असतील तर डब्यात आलेले तिन्ही मापांचे रबर लावून बघा. बहुतेक लोक जे आधीपासून बसवलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात. कानात हवा जायला फट राहिली की बेस निघून जातो, आणि आपण म्हणतो इअरबड पुचाट आहेत. त्यानंतर इक्वलायझर. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात तुमचं मॉडेल निवडलं की तयार सुधारणा मिळते. हे सगळं फुकटात.

आणि स्पीकर असतील तर खोली. आपल्या श्रोत्याची दहा बाय दहा. बोलायला सोपं माप, आवाजासाठी मात्र अवघड. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. या लांबीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंती-भिंतींमध्ये अडकून फुगतो. लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच सूर फुगणार. वर आपली फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, त्यामुळे टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. ती झणझण प्रत्येक गाण्यात मिसळते. साठ हजारांची यादी तिला हातही लावत नाही.

तर काय करायचं? स्पीकर कोपऱ्यातून आणि टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट तरी सोडा. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण करा. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि कापसाची गादी असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवा. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाटही कामाला येतं. बसायची जागा खोलीच्या अगदी मधोमध ठेवू नका, तिथे तो खालचा सूर नाहीसा होतो, पाठ भिंतीला लावलीत तर उलट फुगतो. अर्धा फूट पुढे-मागे सरकून बघा. हा फरक तुम्हाला पडद्याआडून, डोळे बांधून, कुठल्याही चाचणीत ओळखता येईल.

यादीत नसलेली वस्तू

एक वस्तू त्या यादीत नव्हती, ती म्हणजे कान. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी सांगते, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते, आणि सुरक्षित वेळ निम्मी. लोकलमध्ये, बसमध्ये गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, म्हणून तिथे नॉइज कॅन्सलेशनला पैसे द्या, ते पैसे सार्थकी लागतात. आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर नाचणार असाल तर मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घ्या. एका चहाच्या किमतीत काम होतं. वरच्या पट्टीतले बारकावे ऐकायला डॅकवर २८ हजार घालायचे आणि ते ऐकणाऱ्या पेशी एका मिरवणुकीत घालवायच्या, हा हिशेब जमत नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्पीकर घे. ॲम्प्लिफायर घे, तोही घेण्याआधी बघ की त्यात डॅक आहे का. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घे. सतरंजी, पडदा आणि एक टेप घेऊन अर्धा रविवार खोलीत घालव. दोन-तीन हजारांत सगळं बसेल. ६० हजारांचा तो कागद दुकानदाराला हसून परत दे. तो वाईट माणूस आहे असं नाही, स्पीकरपेक्षा केबलमध्ये मार्जिन जास्त सुटतं, एवढंच. वाद घालू नकोस. फक्त विचार, "पातळी जुळवून, पडदा लावून, दहा वेळा ऐकवाल का?" ऐकवलं आणि तुला नऊ वेळा ओळखता आलं, तर घे बिनधास्त.

घरचे पैसे कमी करायची गरज नाही. स्पीकरचे पैसे वाया जाणार नाहीत.

हौसेने रेकॉर्ड प्लेअर घेणारे, दिव्यांचा ॲम्प्लिफायर लावून त्याच्या उजेडात गाणी ऐकणारे, तुमच्याशी माझं काही भांडण नाही. दिसायला सुंदर वस्तू घरात असावी, यात गैर काही नाही. ती सुंदर आहे म्हणून घेतली असं म्हणा, म्हणजे विषय संपला.

तुमच्या खोलीचं माप आणि स्पीकर कुठे ठेवलेत त्याचा फोटो पाठवा, पुढच्या भागात पाच खोल्या घेऊन त्यांतली मांडणी कशी बदलायची ते बोलू. एबीएक्सचा निकालही पाठवा, कितीही आला तरी. तोपर्यंत काळजी घ्या, कानांचीही. भेटूया!